जोड्यांचे गाव, इंजिनांचे गाव

लंडनच्या यूस्टन स्थानकावरून उत्तरेकडे जाणारी आगगाडी तासाभरात नॉर्थॅम्प्टनला पोहोचते. परंतु आपल्याकडून विलायतेस गेलेला प्रवासी तेथे सहसा उतरत नाही. त्याला शेक्सपिअरचे स्ट्रॅटफर्ड पाहावयाचे असते, ऑक्सफर्डची विद्यालये पाहावयाची असतात आणि सवड उरलीच तर उत्तरेकडील सरोवरांचा प्रदेश त्याला खुणावत असतो. नॉर्थॅम्प्टनपाशी असले काही नाही. नेन नावाची संथ नदी, तांबड्या विटांच्या घरांच्या लांबच लांब ओळी, मध्ये बाजाराचा प्रशस्त चौक आणि गावाच्या पश्चिम अंगास आभाळात घुसलेला एक एकाकी काँक्रीटचा मनोरा, एवढेच प्रथमदर्शनी नजरेत भरते. हा मनोरा देवाधर्माचा नव्हे. लिफ्ट बनविणाऱ्या एका कंपनीने आपल्या लिफ्टांची चाचणी घेण्यासाठी तो १९८२ साली उभारला. उंची १२७ मीटर. कंपनी गेली, मनोरा राहिला. यंत्राच्या परीक्षेसाठी बांधलेली वास्तू ज्या गावाची दुरून दिसणारी खूण ठरते, त्या गावाचा स्वभाव ओळखण्यास फार वेळ लागत नाही.

माझा भाचा या गावानजीकच्या एका लहानशा यंत्रशाळेत कामाला आहे. निपाणीकडचा हा मुलगा. प्राथमिक शिक्षण मराठी शाळेत, पुढे बेळगावात डिप्लोमा, आणि आता संगणकावर चालणाऱ्या यंत्रांना आज्ञा लिहून देणे हा त्याचा व्यवसाय. त्याच्या आग्रहामुळे मे महिन्याच्या सुटीत पंधरा दिवस नॉर्थॅम्प्टनला राहण्याचा योग आला. प्रवासवर्णनांत न आढळणाऱ्या या गावाने मला जे दाखविले, ते आपल्या सीमाभागातील वाचकांना विशेष जवळचे वाटेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

नॉर्थॅम्प्टन हे मुळात जोड्यांचे गाव. भोवतालच्या कुरणांतून जनावरांची कातडी, रानांतून कातडी कमावण्यासाठी ओकची साल आणि नदीचे पाणी, अशी तिहेरी सोय असल्यामुळे मध्ययुगापासून येथे चामड्याचा धंदा रुजला. १६४२ साली सैन्यासाठी ४,००० जोड पादत्राणे आणि ६०० जोड बूट पुरविण्याचे काम येथील कारागिरांनी अंगावर घेतले होते. पुढे दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश शिपायांच्या पायांतले बूट मोठ्या प्रमाणावर याच परगण्यातून गेले. येथील फुटबॉल संघाला लोक आजही ‘कॉब्लर्स’, म्हणजे जोडे शिवणारे, याच नावाने हाका मारतात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. श्रमाच्या धंद्याचे नाव छातीवर मिरविणारे हे गाव पाहून, आपल्याकडे याच धंद्यातील कारागिरांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या काय आले, याची आठवण होऊन मन खजील होते.

गिल्डहॉल रोडवरील संग्रहालयात जगातील मोठ्या पादत्राण-संग्रहांपैकी एक आहे. तेथे हिंडताना कोल्हापुरी चपलेची आठवण न झाली तरच नवल. कोल्हापुरी हे नाव एका शहराचे असले तरी ती घडते अथणी, निपाणी या आपल्या पट्ट्यातही. म्हणूनच २०१९ साली तिला जे भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून मिळाले. सीमेच्या दोन्ही बाजूंनी एकत्र सही करावी असा हा विरळा कागद! गंमत अशी की, नॉर्थॅम्प्टनची १८७३ सालची ‘चर्चेस’ ही नामांकित जोडे-पेढी १९९९ साली इटलीच्या प्रादा कंपनीने विकत घेतली. आणि याच प्रादाने २०२५ च्या जून महिन्यात मिलानच्या प्रदर्शनात थेट कोल्हापुरीच्या वळणाच्या चपला मांडल्या, तेव्हा प्रथम कोल्हापूरचा नामोल्लेखही नव्हता. आपल्याकडून ओरड झाल्यावर कंपनीने या चपलांमागील प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचे मान्य केले. नमुना एकाचा, प्रती दुसऱ्याच्या, हा प्रश्न या गावात मला पुढे निराळ्या रूपाने पुन्हा भेटला.

आता इंजिनांकडे वळू. माइक कॉस्टिन आणि कीथ डकवर्थ या दोन तरुण अभियंत्यांनी १९५८ साली आपली अर्धी अर्धी नावे जोडून ‘कॉसवर्थ’ नावाची कंपनी लंडनमध्ये काढली आणि १९६४ साली ती नॉर्थॅम्प्टनला आणली. फोर्ड कंपनीने दिलेल्या एक लाख पौंडांच्या बळावर डकवर्थने शर्यतीच्या मोटारीसाठी आठ सिलिंडरांचे, तीन लिटरांचे एक इंजिन रचले. ‘डीएफव्ही’ हे त्याचे नाव. ४ जून १९६७ रोजी हॉलंडमधील झांडवूर्टच्या शर्यतीत ते प्रथम धावले आणि जिम क्लार्कने ती शर्यत जिंकली. त्यानंतर १९८३ पर्यंत या इंजिनाने आणि त्याच्या सुधारलेल्या रूपांनी जागतिक स्पर्धेतील १५५ शर्यती जिंकल्या. जोड्यांच्या गावाची ही दुसरी ओळख.

या यशाचे मर्म कोठे होते? इंजिनाच्या माथ्यावर बसविलेला जो ओतीव भाग असतो, ज्याला आपल्याकडचे मिस्त्री नुसते ‘हेड’ म्हणतात, त्यात होते. वाचकांनी असे समजावे की, सिलिंडर हा इंजिनाचा छातीचा पिंजरा, तर हेड म्हणजे नाक आणि घसा. हवा आणि इंधन आत येण्याची वाट, जळलेला वायू बाहेर जाण्याची वाट, त्या वाटांवरील झडपा आणि ठिणगी पडते ती घुमटी, हे सारे हेडमध्येच असते. डीएफव्ही मिनिटास ९,००० फेरे घेत असे. दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा श्वास घेतो. म्हणजे मिनिटास ४,५०० आणि सेकंदास ७५ श्वास. इतक्या घाईच्या श्वासात वाटेवर नखाएवढा अडथळा असला तरी छाती पुरती भरत नाही. डकवर्थने प्रत्येक सिलिंडरला दोनाऐवजी चार झडपा दिल्या, आणि आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या झडपांच्या दांड्यांमधील कोन अवघा ३२ अंशांचा ठेवला. त्यामुळे घुमटी बसकी आणि आटोपशीर झाली, हवेची वाट सरळ झाली आणि ज्वाला सर्वत्र झपाट्याने पसरू लागली. आज आपल्या साध्या मोटारींच्या इंजिनांतही सिलिंडरामागे चार झडपा सर्रास आढळतात.

कॉसवर्थमधून बाहेर पडलेल्या मारिओ इलियन आणि पॉल मॉर्गन यांनी पुढे ‘इलमॉर’ ही कंपनी काढली. तिचे बिऱ्हाड गावाच्या उत्तरेस ब्रिक्सवर्थ या खेड्यात पडले आणि तेथेच आज मर्सिडीजची शर्यतीची इंजिने बनतात. ब्रिक्सवर्थला मी गेलो तो मात्र तेथील चर्च पाहण्यास. इंग्लंडमधील अतिप्राचीन चर्चपैकी हे एक. सुमारे बाराशे वर्षांहून अधिक वयाचे. त्याच्या कमानींत त्याहूनही जुन्या रोमन वास्तूंच्या विटा पुन्हा वापरलेल्या दिसतात. पडलेल्या घराची वीट नव्या देवळाच्या कमानीत बसवावी, हे या प्रदेशाच्या अंगवळणी पडले असावे. जोड्यांचे कारखाने एकामागून एक बंद पडले. हाताला बारकाव्याची सवय असलेल्या या गावात इंजिनांचा धंदा वाढला.

भाच्याची यंत्रशाळा गावाबाहेरच्या एका औद्योगिक वसाहतीत आहे. सारी मिळून पंधरा-वीस माणसे. जुन्या शर्यतीच्या मोटारी बाळगणारे हौशी लोक तिकडे पुष्कळ. नैर्ऋत्येस जवळच सिल्व्हरस्टोनची धावपट्टी आहे. दुसऱ्या महायुद्धातील विमानतळावर उभी राहिलेली. १३ मे १९५० रोजी जागतिक स्पर्धेतील पहिली शर्यत तेथेच झाली. या जुन्या मोटारींसाठी आणि काही नव्यांसाठीही हेडे तयार करणे हा या यंत्रशाळेचा धंदा.

ओतशाळेतून आलेले हेड प्रथम पाहिले, तेव्हा ते उद्यमबागेतील एखाद्या फौंड्रीच्या दारातून उचलून आणावे तसेच दिसले. फक्त बीडाऐवजी ॲल्युमिनियमचे. आतील वाटा वाळूच्या गाभ्यांनी घडविलेल्या; त्यामुळे अंगावर वाळूचा खरखरीतपणा, आणि गाभा किंचित सरकला असेल तर वाटही किंचित सरकलेली. दिसायला जुळी असणारी दोन हेडेही एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. ओतकामातही कॉसवर्थने एक मोठी सुधारणा केली होती. वितळलेला धातू वरून ओतला की तो उसळतो, आणि त्याच्या पृष्ठावरील साय आत गुंडाळली जाऊन कामात दोष राहतो. म्हणून १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी वूस्टर येथील ओतशाळेत विद्युत्‌चुंबकीय पंपाने धातू खालून वर, शांतपणे साच्यात चढविण्याची पद्धत बसविली. दूध उतू न देता तापवावे, तसाच हा प्रकार!

ओतीव हेड यंत्रावर चढते ते काचेच्या दारामागे. या यंत्राला पाच हालचाली असतात. पुढे-मागे, डावी-उजवी, वर-खाली या तीन सरळ आणि दोन गिरक्या. प्रथम एक सळई येऊन हेडला जागोजाग हळूच स्पर्श करते. तिच्या टोकाशी माणकाचा बारीक गोळा असतो. स्पर्श होताक्षणी जागा नोंदविणारी ही युक्ती डेव्हिड मॅकमर्ट्री या ब्रिटिश अभियंत्याने १९७० च्या दशकारंभी, कॉन्कॉर्ड विमानाच्या इंजिनातील बारीक नळ्या मोजण्याच्या अडचणीतून शोधून काढली. डॉक्टरने नाडी पाहावी तशी ही सळई हेडची ठेवण अजमावते. मग काडीवर लिमलेटची गोळी बसवावी तशा आकाराचे कापहत्यार येते, दुधाळ पाण्याचे फवारे सुरू होतात आणि वळणाच्या आत शिरून हत्यार धातू कापू लागते. अर्धी वाट बाहेरच्या तोंडाकडून, अर्धी घुमटीच्या बाजूने; दोन्ही काप मध्यावर असे मिळतात की, बोट फिरविले तरी सांधा लागत नाही. काही तासांत सगळ्या वाटा सारख्या होतात. त्यानंतर झडपांच्या बैठका. हेड तापवून अथवा बैठकीची कडी अतिशीत करून ती घट्ट बसवितात, आणि झडपेच्या दांडीशी समकेंद्र असा ४५ अंशांचा मुख्य काप घेतात. त्याच्या खाली-वर आणखी निराळ्या कोनांचे काप. येथील फरक मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात.

“ही वाट अशीच वळावी, हे यंत्राला कोणी सांगितले?” मी भाच्याला विचारले.

त्याने कोपऱ्याकडे बोट केले. “मामा, ते त्यांना विचारा.”

कोपऱ्यातील बाकाशी सत्तरीकडे झुकलेला एक कारागीर हातातल्या वेगवान ग्राइंडरने एका हेडची एकच वाट घासत होता. थोडे घासावे, करंगळी आत घालून पाहावे, पुन्हा थोडे घासावे. मग ते हेड हवेच्या मापनयंत्रावर ठेवून ठराविक दाबाने किती हवा ओढली जाते ते पाहावे, वहीत आकडा लिहावा आणि पुन्हा बाकाशी यावे. असे दिवसचे दिवस चालते. एक वाट मनासारखी साधली की तिचे मोजमाप बिंदू बिंदू करून संगणकात उतरवितात. तेथून पुढे त्या घडणीची जितकी हेडे होतील, त्या सर्वांत त्याच वाटेची नक्कल उमटते.

मी शाळामास्तर; मला तत्काळ कित्ता आठवला. पूर्वी गुरुजी पाटीवर एक ओळ सुवाच्य अक्षरात घालून देत आणि मुले ती गिरवीत. हे यंत्र म्हणजे असा विद्यार्थी की, ज्याचे गिरविणे कधी चुकत नाही, ज्याचा हात थकत नाही. मात्र स्वतः होऊन एक नवी ओळही तो लिहीत नाही.

त्या वृद्धाशी बोलणे झाले. त्याचे उच्चार मला अवघड जात, तेथे भाचा मदत करी. वाट मोठी केली की इंजिन बलवान होते, ही नवशिक्यांची समजूत असते, असे तो म्हणाला. वाट फार रुंदावली की हवेचा वेग मंदावतो आणि उलट तोटा होतो. आतील बाजूचे आखूड वळण हेच खरे कठीण; तेथे हवा भिंत सोडते. भिंत आरशासारखी चकचकीत करण्याचीही गरज नसते. आत येणाऱ्या वाटेवर थोडा खरबरीतपणा असलेला बरा. हे सारे त्याला कोणी शिकविले? सोळाव्या वर्षी तो उमेदवार म्हणून लागला, तेव्हा पहिले कितीतरी महिने त्याला नुसती कानस चालवावी लागली होती.

“मग आता तुमच्या हाताखाली कोण आहे?” मी विचारले.

तो हसला आणि काचेच्या दारामागच्या यंत्राकडे मान हलवून म्हणाला, “तोच. पण तो मला कधी प्रश्न विचारत नाही.”

भाच्याचे म्हणणे निराळे होते, आणि तेही टाकाऊ नव्हते. “मामा, हाताने चार वाटा केल्या तर चारही थोड्या वेगळ्या होतात. इंजिनाला ते सोसत नाही. शिवाय हवा कशी वाहील, याचे गणित आता संगणकावरच मांडता येते. हा माणूस गेला तरी त्याची वाट फायलीत राहील. पूर्वी माणसाबरोबर त्याची विद्याही जात असे.”

दोघांचेही खरे. नमुन्यावरून नक्कल करणाऱ्या यंत्राचा इतिहास तर या जोड्यांच्या गावालाही परका नाही. अमेरिकेतील टॉमस ब्लँचार्ड याने १८१९ च्या सुमारास बंदुकीचे लाकडी दस्ते कापणारा एक लेथ केला. त्यात एक चाकोरी मूळ नमुन्यावरून फिरे आणि दुसरीकडे हत्यार तसाच आकार कापी. याच तत्त्वावर पुढे जोड्यांचे लाकडी फर्मे होऊ लागले. पाऊल कसे असावे हे जाणणाऱ्या कारागिराने एक फर्मा कोरावा, आणि यंत्राने त्याच्या शेकडो प्रती काढाव्यात. चाकोरीच्या जागी आज माणकाचा गोळा आला, एवढाच काय तो फरक.

तरीही एक काटा मनात राहतो. फायलीत राहते ती तयार वाट. ती सापडेपर्यंत ज्या पन्नास वाटा सोडून द्याव्या लागल्या, त्यांची समज फायलीत उतरत नाही. ती समज कानस चालविताना, करंगळीने चाचपताना, आकडा घसरल्यावर चरफडताना येते. गणितालाही शेवटी हवेच्या यंत्रापुढे उभे राहून परीक्षा द्यावीच लागते, आणि नापास झाल्यास का झालो हे सांगणारा कोणी लागतो. कित्ता गिरविणारे उदंड झाले आणि कित्ता घालणारा एकही उरला नाही, तर ती शाळा किती दिवस चालेल?

हा प्रश्न नॉर्थॅम्प्टनपुरता नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलीचे दुकान थाटले, तेथेच लोखंडी नांगराची खटपट केली आणि १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. त्या परंपरेतूनच कोल्हापूरचे उद्यमनगर आणि बेळगावची उद्यमबाग यांना हिंमत मिळाली. आज तेथील ओतशाळांतून इंजिनांचे सुटे भाग दूरदूर जातात. आमच्या शाळेतून बाहेर पडलेली कितीतरी मुले त्याच आवारात लेथवर, मिलिंगवर आणि आता संगणकी यंत्रांवर उभी आहेत. बटण दाबून भाग काढणारा मुलगा आठ दिवसांत तयार होतो, आणि आठ दिवसांत त्याच्या जागी दुसराही आणता येतो. त्याची भाकरी टिकायची तर त्या भागाचा आकार तसाच का, हे त्याला कळले पाहिजे. त्यात काळही पालटतो आहे. ब्रिटनने २०३० नंतर निव्वळ पेट्रोल-डिझेलवर चालणाऱ्या नव्या मोटारींची विक्री थांबविण्याचे ठरविले आहे. विजेच्या मोटारीला झडपाही नाहीत आणि हेडही नाही. जोड्यांच्या कारखान्यांवर जी पाळी आली, ती इंजिनांच्या कारखान्यांवर येणारच नाही, असे कोण म्हणेल? तेव्हा उपयोगी पडेल ती विशिष्ट भागाची फाईल नव्हे. धातू, हवा आणि माप यांची ज्याला जाण आहे असा हात, आणि ‘का’ असे विचारणारी बुद्धी.

परत आल्यावर नववीच्या वर्गाला घेऊन मी उद्यमबागेतील एका ओतशाळेत गेलो. वाळूचे साचे भरताना मुलांनी पाहिले, लालभडक रस ओतताना लांब उभे राहून पाहिले, काचेमागची यंत्रेही पाहिली. सगळ्यांचे डोळे अर्थातच यंत्रांवर खिळले होते. एक मुलगी मात्र मागेच रेंगाळली होती. भिंतीशी रचून ठेवलेल्या लाकडी नमुन्यांपैकी एकावरून हात फिरवीत तिने तेथील मिस्त्रींना विचारले, “काका, हा पहिला कोणी केला?” मिस्त्रींनी हातातले काम खाली ठेवले, हात फडक्याला पुसले, आणि तो नमुना दोन्ही हातांनी उचलून ते तिला सांगू लागले. आमची बस अर्धा तास उशिरा सुटली.